दुव्यांचा घाऊक बाजार

कोणत्याही व्यवसायात स्वस्त माल विकणारे असतातच. छपाईच्या धंद्यात असतात, शिकवणीच्या धंद्यात असतात, अनुवादाच्या क्षेत्रातही असतात. त्यांच्यामुळे त्या व्यवसायाचे फारसे बिघडत नाही, कारण गिऱ्हाईक माल हातात घेऊन पाहू शकते. पिवळा पडणारा कागद, उसवलेली बांधणी, फिकट शाई हे सारे डोळ्यांना दिसते. ज्याला ते चालते तो स्वस्तात घेतो, ज्याला चालत नाही तो चार पैसे जास्त मोजतो. शोधयंत्रांना सापडतील अशा रीतीने संकेतस्थळे सिद्ध करून देण्याच्या व्यवसायात, ज्याला व्यवहारात ‘एसईओ’ म्हणतात, गोष्ट वेगळी आहे. येथील स्वस्त कारागीर केवळ आपल्या गिऱ्हाइकाला निकृष्ट माल देऊन थांबलेला नाही. त्याने या व्यवसायाच्या नावाचा अर्थच पालटून टाकला आहे. हे कसे घडले आणि साहित्याच्या अभ्यासकांनी त्याची दखल का घ्यावी, हे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

साहित्याचा आणि या व्यवसायाचा संबंध काय, अशी शंका कुणालाही येईल. संबंध अगदी मुळापाशी आहे. पहिल्या पिढीतील शोधयंत्रे प्रामुख्याने पानावरचे शब्द पाहत असत. त्यामुळे पानाच्या तळाशी पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहून ठेवला, की ते पान वर येण्याची शक्यता वाढे. १९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी यावर जो उपाय मांडला, तो विद्येच्या क्षेत्रातून उचललेला होता. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांनी केला, हे मोजण्याची पद्धत युजीन गारफील्ड यांनी १९६०च्या दशकात विज्ञानातील संदर्भांची सूची तयार करून रूढ केली होती. ब्रिन आणि पेज यांनी तोच न्याय महाजालाला लावला. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे त्याने घेतलेला संदर्भ. शिवाय संदर्भ कोण देतो यालाही महत्त्व. ज्या पानाकडे अनेकांनी बोट दाखवले आहे, त्याने दाखवलेल्या बोटाचे वजन अधिक. गूगलची उभारणी या कल्पनेवर झाली.

या कल्पनेत एक गृहीतक दडलेले होते. दुवा देणारा तो आपणहून देतो, वाचकाला उपयोग होईल म्हणून देतो, मोबदला घेऊन देत नाही, हे ते गृहीतक. विद्वानांच्या तळटिपांबाबत ते बव्हंशी खरे होते. महाजालाबाबतही सुरुवातीला खरे होते. परंतु दुव्याला वजन आहे हे एकदा सर्वांना कळले, की दुवा विकाऊ होणार हे ठरलेलेच होते. मग प्रश्न एवढाच उरतो, की तो कोण विकणार आणि काय भावाने विकणार.

प्रथम या व्यवसायाचे चांगले रूप पाहिले पाहिजे, कारण तेच आता लोकांच्या विस्मरणात गेले आहे. चांगला एसईओ करणारा माणूस संकेतस्थळाची रचना तपासतो. पाने शोधयंत्राला वाचता येतात का, एकाच मजकुराची चार पाने झाली आहेत का, मथळा पानातील आशयाला धरून आहे का, पान उघडायला वेळ किती लागतो, मोबाइलवर ते नीट दिसते का, हे पाहतो. वाचक एखादी गोष्ट कोणत्या शब्दांनी शोधतात याचा तो अभ्यास करतो. दवाखान्याच्या संकेतस्थळावर ‘अस्थिरोगचिकित्सा’ लिहिलेले असते आणि लोक ‘गुडघेदुखी’ शोधत असतात, ही दरी त्याला दिसते आणि ती तो बुजवतो. हे काम जाहिरातदारापेक्षा ग्रंथपालाच्या आणि सूचिकाराच्या कामाशी अधिक जवळचे आहे. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याचेही एक सूत्र आहे. प्रामाणिक एसईओचे सार त्यात आले.

हे काम सावकाश होते, त्याचे फळ दिसायला अनेक महिने लागतात आणि यशाची हमी कुणीच देऊ शकत नाही. खुद्द गूगलने संकेतस्थळांच्या मालकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शनात पहिल्या क्रमांकाची हमी कुणालाही देता येत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. न मागता ईपत्रे पाठवून असली आश्वासने देणाऱ्यांपासून सावध राहण्याचा सल्लाही तेथे आहे.

स्वस्त कारागीर नेमकी हीच हमी देतो. त्याच्याकडे यादी असते: इतके दुवे, इतके लेख, इतक्या निर्देशिकांत नोंदणी, इतक्या अनुदिन्यांवर प्रतिक्रिया, आणि त्या सगळ्याची एक ठोक किंमत. २०१० साली फाइव्हर हे संकेतस्थळ पाच डॉलरपासूनच्या कामांची बाजारपेठ म्हणून सुरू झाले, तेव्हा पाच डॉलरना हजारो दुवे देऊ करणाऱ्या जाहिराती तेथे लवकरच दिसू लागल्या. हजारो दुवे पाच डॉलरना मिळतात, तेव्हा ते कुणी माणसाने वाचून, विचार करून दिलेले नसतात एवढे उघड आहे. ते यंत्राने पेरलेले असतात. ते ज्या पानांवर पेरले जातात ती पानेही केवळ त्यासाठीच निर्माण केलेली असतात आणि ती कुणी वाचत नाही.

या कारखान्यातील एक प्रक्रिया भाषेच्या अभ्यासकांनी मुद्दाम पाहावी अशी आहे. एक लेख घ्यायचा, त्यातील प्रत्येक शब्दाला दोन-तीन पर्यायी शब्द जोडायचे आणि यंत्राकडून त्याच्या शेकडो आवृत्त्या काढून घ्यायच्या. प्रत्येक आवृत्ती शोधयंत्राला ‘नवी’ वाटावी हा हेतू. हा उद्योग मुख्यतः इंग्रजीत चालला. त्याचे स्वरूप मराठीत समजून घ्यायचे तर ‘सकाळी उपाशीपोटी कोमट पाणी प्यावे’ या साध्या वाक्याचे ‘प्रभाती रिकाम्या जठरी सौम्य तप्त जल प्राशन करावे’ असे झालेले रूप डोळ्यांपुढे आणावे. दोन शब्द पूर्णतः समानार्थी कधीच नसतात हे आपण शैलीविज्ञानाच्या पहिल्या पाठात शिकवतो. येथे समानार्थी शब्दांच्या यादीवर एक अख्खा उद्योग उभा राहिला आणि त्याच्या मालाला वाचक नव्हता, केवळ मोजणारे यंत्र होते.

असा माल खपतो कसा? जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन याचे उत्तर दिले होते. पुढे २००१ साली त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारात या विश्लेषणाचा मोठा वाटा होता. विकणाऱ्याला मोटारीचे गुणदोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा चांगल्या गाडीचीही सरासरी किंमतच देऊ करतो. त्या किमतीत चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही आणि बाजारात हळूहळू वाईट गाड्याच उरतात. एसईओची स्थिती याहून अवघड आहे. मोटार निदान महिनाभर चालवल्यावर तिचा खोटेपणा कळतो. येथे काम विकत घेतल्यानंतरही ते चांगले होते की वाईट हे गिऱ्हाइकाला ठरवता येत नाही. क्रमांक वर गेला तर तो कामामुळे की प्रतिस्पर्धी मागे पडल्यामुळे? खाली गेला तर तो दुव्यांमुळे की शोधयंत्राने निकष बदलल्यामुळे? डार्बी आणि कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली ज्या सेवांना केवळ विश्वासावर विकत घ्यायच्या वस्तू म्हटले, त्यांत ही सेवा मोडते. वैद्यकी आणि वकिलीही त्याच जातीच्या आहेत. पण तेथे पदवी, परिषद, सनद अशी काही तरी चौकट आहे. एसईओला ती नाही.

अशा बाजारात मोजता येण्याजोगी एकच गोष्ट गिऱ्हाइकाच्या हाती उरते: संख्या. ‘महिन्याला पाचशे दुवे’ हे त्याला समजते. ‘आम्ही तुमच्या पानांची रचना सुधारू’ हे समजत नाही. मग प्रामाणिक माणसालाही तीच भाषा बोलावी लागते. त्याच्या दरपत्रकाशेजारी दुसरे एक दरपत्रक ठेवलेले असते आणि त्यात दहापट दुवे निम्म्या पैशांत दिलेले असतात. तो एकतर दर पाडतो आणि काम कमी करतो, नाहीतर आपण ‘एसईओ’ करतो असे सांगणेच सोडून देतो. ज्या गिऱ्हाइकाने एकदा हात पोळून घेतला आहे, त्याला या शब्दाचाच तिटकारा आलेला असतो. स्वस्त कारागिराने व्यवसायाचा अर्थ पालटला असे वर म्हटले, ते या कारणाने.

हा रोग केवळ छोट्या दुकानदारांना जडतो असेही नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जे. सी. पेनी या अमेरिकेतील बड्या दुकानसाखळीचे प्रकरण उघडकीस आणले. आदल्या हिवाळ्यातील सणांच्या खरेदीच्या दिवसांत कपडे, अंथरुणे-पांघरुणे, गालिचे असा कोणताही शब्द शोधला तरी पेनीचे संकेतस्थळ अग्रभागी येत होते. सॅमसोनाइट कंपनीच्या प्रवासी बॅगांच्या शोधात ते खुद्द सॅमसोनाइटच्याही पुढे होते. तपास केला तेव्हा शेकडो असंबद्ध, ओसाड संकेतस्थळांवर पेनीकडे जाणारे दुवे पेरलेले आढळले. आपण त्याला संमती दिली नव्हती असे पेनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. गूगलने हस्तक्षेप केल्यावर त्या बॅगांच्या शोधातील पेनीचा क्रमांक दोन तासांत पहिल्यावरून एकाहत्तरावर गेला. या प्रकरणातून दिसते ते असे, की गिऱ्हाईक मोठे असले म्हणून माल स्वच्छ असतोच असे नाही. निकृष्टपणा किमतीवरून ठरत नाही. आपल्या नावाने काय केले जात आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, हे त्याचे मूळ आहे.

त्यानंतर शिक्षेचे पर्व सुरू झाले. त्याच फेब्रुवारीत गूगलने ‘पांडा’ या नावाने ओळखली जाणारी सुधारणा लागू केली. घाऊक भावात लिहून घेतलेल्या उथळ मजकुराला मागे ढकलणे हा तिचा उद्देश होता आणि अमेरिकेतील ११.८ टक्के शोधांवर तिचा परिणाम होईल असे गूगलने सांगितले. एप्रिल २०१२ मध्ये ‘पेंग्विन’ आली. तिने कृत्रिम दुव्यांवर घाव घातला. इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोध तिच्या कक्षेत आले. आकडे लहान वाटतात, परंतु ज्यांचा उदरनिर्वाह त्या शोधांवर चालत होता त्यांच्या दृष्टीने ते लहान नव्हते. स्वस्त कारागीर तोवर पैसे घेऊन मोकळा झालेला होता. शिक्षा त्याला नव्हती, ज्याच्या नावाने दुवे पेरले गेले त्याला होती. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार होता, जरी येथील संन्यासीही अनेकदा चोरीचा माल स्वस्तात घ्यायला राजी झालेला होता.

पुढे जे झाले ते एखाद्या विडंबनकथेत शोभावे. ज्यांनी पैसे देऊन दुवे लावून घेतले होते, ते आता ते काढून टाकण्यासाठी आर्जवे करू लागले. कित्येक संकेतस्थळांनी दुवा काढण्याचेही शुल्क आकारले. ऑक्टोबर २०१२ मध्ये गूगलने नको असलेले दुवे नाकारण्याची सोय दिली, तेव्हा त्या याद्या तयार करून देणे हा नवा धंदा झाला. २०१६ पासून पेंग्विनने असल्या दुव्यांबद्दल शिक्षा करण्याऐवजी त्यांचे वजन शून्य धरण्याचे धोरण स्वीकारले. मधल्या चार वर्षांत प्रामाणिक व्यावसायिकांचा बराच वेळ दुसऱ्यांनी केलेली घाण उपसण्यात गेला आणि तेही काम त्यांना ‘एसईओ’ याच नावाखाली विकावे लागले.

याहून मोठे नुकसान सांस्कृतिक आहे आणि त्याची फारशी चर्चा होत नाही. दुव्यांच्या बाजारामुळे निर्मळपणे दुवा देण्याची सवयच मोडली. अनुदिन्यांच्या प्रतिक्रियांत पेरल्या जाणाऱ्या जाहिरातींना आळा घालण्यासाठी २००५ च्या जानेवारीत दुव्याला एक खूण जोडण्याची पद्धत आली. ‘या दुव्याला वजन देऊ नये’ असे ती खूण शोधयंत्राला सांगते. उपाय योग्य होता. परंतु पेंग्विननंतरच्या भयाच्या वातावरणात अनेक प्रकाशनांनी सावधगिरी म्हणून बाहेर जाणाऱ्या सगळ्याच दुव्यांना ती खूण लावायला सुरुवात केली. एखाद्या लेखकाने दुसऱ्याच्या चांगल्या लेखाकडे कौतुकाने बोट दाखवावे आणि संपादकाने त्या बोटावर फडके बांधावे, असा हा व्यवहार झाला. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. स्वस्त कारागिराला नावे ठेवणे हे सुस्थित व्यावसायिकांचे आपल्या दरांसाठी चाललेले रडगाणे नव्हे काय? ज्या छोट्या दुकानदाराला महागडा सल्लागार परवडत नाही, त्याने काय करावे? आणि हे काम करणारी मुले कोण असतात? शब्दाला काही पैसे अशा दराने दिवसाला हजारो शब्द लिहिणाऱ्यांत साहित्याचे पदवीधरही असतात. त्यांच्यावर आपण कोणत्या तोंडाने टीका करायची?

आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे दोन भाग वेगळे केले पाहिजेत. कमी दर हा दोष नाहीच. छोट्या दुकानदाराचे संकेतस्थळ पाच पानांचे असते. त्याचे मथळे नीट लिहून देणे, पत्ता आणि वेळा अचूक देणे, नकाशावर नोंद करणे हे काम थोडक्या पैशांत प्रामाणिकपणे करता येते आणि अनेक तरुण ते करतातही. दोष आहे तो न दिसणाऱ्या कामाचा आणि खोट्या हमीचा. जो कारागीर काय केले याचा लेखी हिशेब देतो, तो स्वस्त असला तरी व्यवसायाचे नुकसान करत नाही. जो हिशेब देत नाही, तो महाग असला तरी करतो. लेख पाडणाऱ्या मुलांविषयी बोलायचे तर शोषण त्यांचेच झाले आहे. त्यांच्याकडून वाक्ये घेतली जातात, पण ती कुणी वाचेल ही अपेक्षा नसते. लिहिणाऱ्याला याहून मोठा अपमान क्वचितच वाट्याला येत असेल.

साहित्याच्या प्राध्यापकांनी या साऱ्याकडे परक्याच्या घरातील भांडण म्हणून पाहू नये. शोधयंत्राने विद्यापीठातून उसना घेतलेला संदर्भांच्या मोजणीचा न्याय आणि त्याला जडलेला रोग यांचा पुढचा प्रवास आपल्याच अंगणात झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकन आणले आणि छापलेल्या निबंधांची संख्या मोजली जाऊ लागली. संख्येला भाव आला तसे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. २०१८ मध्ये आयोगाला आपल्या मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिके एकाच वेळी वगळावी लागली. पुढे आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये बंद करण्यात आली. हप्त्याहप्त्याने दुवे विकणारा आणि पंधरा दिवसांत निबंध छापून देणारा, या दोघांचे दरपत्रक शेजारी ठेवले तर फरक फारसा दिसणार नाही.

शब्द फिरवणारी यंत्रेही विद्येच्या क्षेत्रात शिरली. गियोम काबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या संशोधकांनी २०२१ मध्ये शोधनिबंधांतील असे विद्रूप शब्दप्रयोग शोधून काढले. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ याऐवजी ‘नकली जाणीव’, ‘स्तनाचा कर्करोग’ याऐवजी ‘उराचे संकट’ अशा अर्थाची इंग्रजी रूपे त्यांना छापील निबंधांत सापडली. शोधयंत्राला फसवण्यासाठी वापरलेली युक्ती येथे वाङ्मयचौर्य पकडणाऱ्या यंत्राला फसवण्यासाठी वापरली गेली होती.

२०२२ च्या अखेरीस मजकूर लिहून देणारी संभाषण-यंत्रे सर्वांच्या हाती आली आणि घाऊक मजकुराची किंमत जवळपास शून्यावर गेली. ज्याने काल शब्दाच्या दराने लेख पाडले, त्याचेच काम प्रथम गेले. मार्च २०२४ मध्ये गूगलने घाऊक प्रमाणात निर्माण केलेल्या निरुपयोगी मजकुराविरुद्ध स्वतंत्र नियम जाहीर केला आणि तो मजकूर माणसाने लिहिला की यंत्राने, हा भेद त्यात गौण ठरवला. हे योग्यच झाले, कारण मजकूर कुणासाठी आहे हा प्रश्न पहिल्यापासून महत्त्वाचा होता. मराठीत त्याचे उत्तर रोज पाहायला मिळते. एखाद्या विद्यार्थ्याने ठरावीक विषयावरचा निबंध शोधून पाहावा. एकमेकांवरून उतरवलेली पाने त्याच त्या चुकांसह समोर येतात. ज्या भाषेत जालावरचा मुळातला मजकूर तोकडा आहे, त्या भाषेत असला भरणा अधिक घातक ठरतो, कारण त्याला झाकण्याइतके चांगले लेखन तेथे नसते.

मग करायचे काय? शोधयंत्राने नियम कडक करावेत ही मागणी नेहमीची आहे, पण मोजणारा बदलला की मोजून देणारेही आपली युक्ती बदलतात, हे गेल्या पंचवीस वर्षांत पुरेसे दिसले आहे. गिऱ्हाइकाने क्रमांकाची हमी मागणे सोडून कामाचा हिशेब मागायला शिकणे, हा अधिक टिकाऊ उपाय आहे. कोणती पाने बदलली, का बदलली, कुणाशी संपर्क केला, कुठे दुवा मिळाला आणि त्या पानावर तो वाचकाच्या उपयोगाचा आहे का, हे प्रश्न कोणताही दुकानदार विचारू शकतो. व्यावसायिकांनीही आपल्या कामाचे असे विवरण न मागता देण्याची प्रथा पाडली, तर अकरलॉफच्या बाजारातून बाहेर पडण्याची वाट थोडी तरी मोकळी होईल.

आपल्या वाट्याचे काम याहून साधे आहे. विद्यार्थ्याच्या निबंधातील संदर्भ मोजण्याऐवजी ते वाचावेत आणि तो संदर्भ तेथे का आला हे त्याला विचारावे. जालावर लिहिताना ज्याचे लेखन आवडले, त्याच्याकडे निःसंकोच दुवा द्यावा आणि तो का दिला हे एका वाक्यात सांगावे. असा दुवा घाऊक बाजारात मिळत नाही, कारण तो देण्यापूर्वी समोरचे पान शेवटपर्यंत वाचावे लागते.